माळ्यावरची एकचाकी

घराला रंग द्यायचा म्हणून १२ जानेवारी २०२५ रोजी आम्ही माळा रिकामा करायला घेतला आणि आकाशकंदिलांच्या खोक्यामागून, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली माझी एकचाकी सायकल खाली आली. मार्च १९९९ ची दहावीची परीक्षा तोंडावर आली तेव्हा आईने ती वर टाकली होती, ‘परीक्षेपुरती’. त्यानंतर शिक्षण, नोकरी, लग्न, मुलगी आणि दोनदा घर बदलणे एवढे सगळे झाले, सायकल प्रत्येक वेळी एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर गेली, पण तिचे चाक जमिनीला लागले नाही. ते लागावे असे मला त्या दिवशी का वाटले हे नीट सांगता येणार नाही. वय ४१, कामाच्या दिवशी आठ तास खुर्चीत बसणे, आणि गेल्या दहा वर्षांतला व्यायाम म्हणजे लिफ्ट बंद असताना चढलेले जिने. तरीही मी ती चादरीसकट परत वर ठेवली नाही. पुढच्या पाच महिन्यांत जे घडले ते तारखांसह लिहिते आहे, कारण मला काही अडले की विचारायला आसपास कोणीच नव्हते.

आधी ही वस्तू आमच्या घरात आली कशी, ते सांगायला हवे. वडिलांना कामासाठी १९९२ ते १९९४ अशी दोन वर्षे जपानमध्ये नागोयाजवळ राहावे लागले आणि माझी तिसरी-चौथी तिथल्या प्राथमिक शाळेत झाली. एकचाकीला तिथे ‘इचिरिनशा’ म्हणतात. जपानच्या १९८९ साली जाहीर झालेल्या आणि प्राथमिक शाळांत १९९२ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षणात तिला जागा मिळाली होती, त्यामुळे मैदानाच्या कडेला मांडणीवर ओळीने एकचाक्या टांगलेल्या असत आणि मधली सुट्टी झाली की मुली त्यांच्याकडे धावत. मला तेव्हा जपानी भाषा धड येत नव्हती. वर्गातल्या दोघींनी दोन बाजूंनी माझे हात धरले आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले. असे रोज, साधारण महिनाभर चालले. मग एके दिवशी त्यांनी न सांगता हात सोडले. शाळेतली सायकल १८ इंची होती. परत येताना वडिलांनी मला २० इंची घेऊन दिली, ‘वाढत्या अंगाची’ म्हणून, आणि त्यांच्या त्या काटकसरीमुळेच ती आज माझ्या उपयोगी पडली.

चादर सोडल्यावर जे दिसले ते फारसे उत्साहवर्धक नव्हते. टायरला बोटभर लांबीच्या भेगा होत्या, सीटच्या आतला फोम दाबला की पिवळा भुगा होऊन गळत होता, आणि फ्रेमवरच्या क्रोमला जागोजागी गंजाचे ठिपके होते. एकचाकीत भाग असतातच किती! सीट, सीटचा दांडा, दोन पायांची फ्रेम, चाक, चाकाच्या आसावर दोन बाजूंना एकेक बेअरिंग, त्याच आसाच्या टोकांना थेट बसवलेले दोन क्रँक, म्हणजे पायडल धरणाऱ्या दांड्या, आणि दोन पायडल. चेन नाही, ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. पायडल थांबले की चाक थांबते आणि चाक फिरले की पायडल फिरलेच पाहिजे. एवढ्याशा यंत्राला काय निगा लागणार, असे मला वाटले होते. झाले उलटेच. दुचाकीत एखादी गोष्ट ढिली असली तर ती खडखडते आणि चालत राहते, तर एकचाकीत तीच गोष्ट थेट आपल्या तोलात उतरते आणि आपण आपल्या शरीराला दोष देत बसतो. हे मला कळायला एप्रिल उजाडला.

पहिला अडसर सीटच्या दांड्याचा. सोळा वर्षांच्या मुलीच्या उंचीला लावलेला तो दांडा फ्रेममध्ये गंजून घट्ट बसला होता आणि मला तो चार-पाच सेंटिमीटर वर हवा होता. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढला, गंज सोडवणारा स्प्रे सांध्यात मारला, रात्रभर ठेवले, सकाळी सीट दोन्ही हातांनी धरून पिळून पाहिली, आणि काहीही हलले नाही. असे चार दिवस केले. पाचव्या दिवशी फ्रेमचा वरचा भाग गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकला, चाक दोन पायांत दाबून धरले आणि नवऱ्याला सीट पिळायला सांगितले, तेव्हा ‘कर्र’ असा आवाज होऊन दांडा जेमतेम एक रेघ सरकला. तिथून पुढे तो पूर्ण बाहेर यायला अर्धा तास लागला. हातोडी मारण्याचा मोह आवरला हे बरे झाले, कारण नळी एकदा चेपली की नवीन दांडाही आत जात नाही. दांड्याला पॉलिश पेपर मारला, ग्रीसचा पातळ हात दिला, आणि आता दर दोन महिन्यांनी तो एकदा बाहेर काढून पुसून परत बसवते. स्प्रे आणि ग्रीसचा डबा मिळून ३१० रुपये झाले.

पुढचे काम बेअरिंगचे. सायकल सीटला धरून उचलायची आणि चाकाला हलका झटका द्यायचा, ही साधी परीक्षा. बेअरिंग निरोगी असेल तर चाक मुकाट्याने फिरत राहते आणि थांबताना झोपाळ्यासारखे मागेपुढे डोलते. माझे चाक दीड फेऱ्यात थांबले आणि आसाला बोट लावले तर आत वाळू भरल्यासारखी खरखर जाणवली. क्रँक काढल्याशिवाय बेअरिंग निघत नाही आणि क्रँक हाताने ओढून निघत नाही. त्यासाठी स्क्रूचा क्रँक पुलर लागतो, तो २८० रुपयांना मिळाला. पुलर आट्यांमध्ये पूर्ण आत बसल्याशिवाय पाना फिरवू नये, नाहीतर क्रँकचे आतले आटे निघून येतात आणि मग तो काढायचा मार्गच उरत नाही.

बेअरिंगवर पुसटसा आकडा होता, ६२०३. तो कागदावर लिहून घेतला आणि चाक पाठीवरच्या मोठ्या सॅकमध्ये घालून नाना पेठेत गेले. दुकानातल्या गृहस्थांनी चाकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ‘हे कशाचं आहे?’ असे विचारण्याआधी आकडा वाचून दोन डब्या काउंटरवर ठेवल्या. आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२ मिलिमीटर, हे माप म्हणे मोटारींना सर्रास लागते. पत्र्याचे झाकण असलेले आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले असे दोन प्रकार त्यांनी दाखवले. पुण्यातली धूळ आणि पुढचा पावसाळा लक्षात घेऊन मी रबरी सीलचे घेतले. दोन बेअरिंगचे ३२० रुपये झाले, आणि जुनी काढून नवी दाबून बसवायचे शेजारच्या वर्कशॉपने २०० घेतले. जुने बेअरिंग घरी हातोडीने ठोकून काढता येते असे काही जण सांगतात, पण आसाला पोचा आला तर सगळेच मुसळ केरात, त्यामुळे ते दोनशे रुपये मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

फ्रेमच्या दोन पायांना खाली बेअरिंग पकडणारी झाकणे असतात आणि प्रत्येकाला दोन बोल्ट असतात. हे बोल्ट जोर लावून आवळायचे नसतात. झाकण जास्त दाबले की बेअरिंग चिमटते, चाक जड होते आणि नवे बेअरिंगही लवकर जाते. दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, मध्येच चाक फिरवून पाहायचे, आणि झोपाळा जिथे अडखळायला लागेल तिथून किंचित मागे यायचे. क्रँकचे बोल्ट मात्र याच्या अगदी उलट. ते १४ नंबरच्या बॉक्स पान्याने चांगला हात लांब करून आवळावे लागतात.

टायरचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा सोपा निघाला. टायरवर २० × १.७५ असे लिहिले होते, आणि मुलांच्या सायकलींना लागते तेच हे माप असल्यामुळे कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात ते ४२० रुपयांना मिळाले, ट्यूब १६० ला. दशांशात लिहिलेले २० × १.७५ आणि अपूर्णांकात लिहिलेले २० × १ ३/८ ही वेगवेगळ्या रिमची मापे आहेत, त्यामुळे दुकानात नुसते ‘वीसचं टायर’ असे मागू नये. गंमत म्हणजे माझ्या जपानी ट्यूबला आपल्या साध्या सायकलीसारखाच वालट्यूबचा वॉल्व होता, त्यामुळे हवा भरायला कुठे अडत नव्हते. चाक जरासे आऊट झाले होते, तो आऊट दुकानातल्या काकांनी तारा आवळून काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. ‘एका चाकाचं काय घ्यायचं?’ असे म्हणाले. सीट मी रिक्षांच्या गाद्या शिवणाऱ्याकडे नेली. त्याने जुने कव्हर नमुन्यासाठी उसवून घेतले, नवा घट्ट फोम कापून बसवला, वर काळे रेक्झिन ताणून शिवले आणि २५० रुपये सांगितले. तो म्हणाला, ‘ताई, पुढून जरा चपटी ठेवतो, मांड्यांना घासणार नाही.’ एकचाकी त्याने जन्मात पाहिली नव्हती, तरी हे त्याला बरोबर कळले.

२६ जानेवारीला, झेंडावंदन आटोपून सगळे घरी गेल्यावर, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये कठड्याला धरून मी पहिल्यांदा सीटवर बसले. सायकल एकदा आली की विसरत नाही असे आपण म्हणतो, आणि मीही तेच गृहीत धरले होते. पाय खरोखरच विसरले नव्हते. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात कठडा सोडून मी तीन-चार पायडल पुढे गेले आणि त्या क्षणी मला शाळेच्या मैदानावरच्या बारीक खडीचा आवाज आठवला. विसर पडला होता तो भीतीच्या बाबतीत, म्हणजे पूर्वी ती नव्हती एवढेच आठवत होते. दहा वर्षांच्या मुलीला पडण्याचे काहीच वाटत नाही. मला मात्र प्रत्येक प्रयत्नाआधी सोमवारची मीटिंग, मनगटे आणि गुडघे आठवत होते, आणि भीती वाटली की माणूस सीटवरून उठून पायडलवर भार टाकतो. एकचाकीत नेमके हेच चालत नाही. भार सीटवर हवा, पाय हलके हवेत आणि नजर चाकाकडे न ठेवता समोर दहा-पंधरा मीटरवर हवी. क्रँक उभे, म्हणजे एक पाय वर आणि एक खाली, अशा स्थितीत पायाला जोरच नसतो, तिथे थबकलो की उतरावेच लागते. म्हणून सुरुवात नेहमी क्रँक आडवे ठेवून करावी.

त्याच आठवड्यात दुसरी अडचण उभी राहिली. पार्किंगमध्ये ‘धोकादायक प्रकार’ चालू असल्याची तोंडी तक्रार सोसायटीच्या सचिवांकडे गेली. मी रीतसर अर्ज केला, त्यात वेळ, जागा आणि स्वतःच्या जबाबदारीवर करणार असल्याचे लिहिले. ९ फेब्रुवारीच्या कमिटीच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर सातवा होता, पाण्याच्या टँकरनंतर आणि भटक्या कुत्र्यांच्या आधी. एका सभासदाने हमीपत्र मुद्रांकावर हवे असा आग्रह धरला. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक चालत नाही, पाचशेचा लागतो, हे दुसऱ्या एकाने निदर्शनास आणून दिले, आणि पाचशे रुपयांचा खर्च कोणाच्या नावे टाकायचा यावर दहा मिनिटे गेल्यावर अध्यक्षांनी साध्या कागदावर सही चालेल असे ठरवले. १७ फेब्रुवारीला लेखी परवानगी मिळाली: इमारतीमागचा रस्ता, सकाळी ६ ते ७.१५, रविवारी ८ पर्यंत, हेल्मेटसह, आणि उभ्या गाड्यांना ओरखडा गेल्यास भरपाई माझी. अटी वाचताना मला हसू आले होते, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या योग्य होत्या, कारण सुटलेली एकचाकी गाडीच्या दारावर आपटली तर पायडलचा ठसा उमटतोच. ज्यांना असे काही सुरू करायचे आहे त्यांनी तक्रार येण्याची वाट न पाहता आधीच अर्ज द्यावा. माझे तीन आठवडे त्यात गेले.

बैठकीत आणि नंतर लिफ्टमध्येही ‘सर्कशीत जायचा विचार आहे का?’ हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली ती याच मुलुखात, आणि पुढे सांगली-तासगावकडून कितीतरी कसरतपटू निघाले, तेव्हा मराठी माणसाने हा प्रश्न टोमणा म्हणून का विचारावा, हे मला अजून उमगलेले नाही.

मागच्या रस्त्यावरची सकाळ फेब्रुवारीत फार सुंदर असते. थंडी, झाडलेला रस्ता, आणि बघायला फक्त वॉचमन मामा. ते पहिल्या दिवशी खुर्ची घेऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची कठड्यासारखी धरायला देऊ लागले. रोज पाऊण तास, म्हणजे साधारण तीस प्रयत्न, असे चालले. २ मार्चपर्यंत कठडा सोडून मी बारा-पंधरा मीटर जात होते. मग ८ मार्चला पडले. पुढच्या बाजूला तोल गेला की आपण पावलांवर उतरतो आणि सायकल मागे पडते, त्यात फारसे काही होत नाही. त्या दिवशी तोल मागे गेला आणि नव्याने शिवलेली सीट रस्त्यावर घासू नये म्हणून मी ती पकडायला गेले. दुसरा हात टेकला आणि त्याच्यावर सगळे वजन आले. सायकल आपटू द्यावी, तिला आपटण्यासाठीच सीटच्या पुढे-मागे प्लॅस्टिकचे टोक दिलेले असते, हे ज्ञान मला तपासणी फी ८०० आणि एक्स-रे ४५० एवढ्या किमतीला मिळाले. हाड शाबूत होते, लचक होती. डॉक्टरांनी तीन आठवडे हाताला आराम सांगितला. मी भीतभीत सायकलचे नाव घेतले तर ते एवढेच म्हणाले, ‘करा, पण मनगटाला गार्ड घालून करा. या वयात हात आधी जातो.’ मनगटाचे आणि गुडघ्याचे गार्ड मिळून १,१५० रुपयांचे आले. ते जानेवारीतच घ्यायला हवे होते.

ते तीन आठवडे मला फार लांब वाटले. जे आलेले होते ते पुन्हा जाईल अशी धास्ती वाटत असे. ३० मार्चला पाडवा होता. सकाळी गुढी उभारली, प्रसाद घेतला आणि खाली गेले. पहिल्याच खेपेला वीस मीटर गेले. विश्रांतीत शरीर काहीतरी जुळवून घेत असावे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रगती झाली आणि दुसऱ्या आठवड्यात अकारण मोडली. उजव्या बाजूला मी सारखी कलंडू लागले, प्रत्येक फेऱ्यात एकदा पायाखाली काहीतरी सरकल्यासारखे वाटे आणि ‘कट्’ असा बारीक आवाज येई. मी वजन, झोप, चष्म्याचा नंबर या सगळ्यांना दोष दिला. १३ एप्रिलच्या रविवारी उजवे पायडल चालू फेऱ्यात निसटून रस्त्यावर पडले. उचलून पाहिले तर क्रँकच्या भोकातले अॅल्युमिनियमचे आटे चांदीच्या भुशासारखे बोटाला लागले.

सायकलच्या दुकानातल्या काकांनी चाक हातात घेतले, पायडलच्या टोकावरचे अक्षर नखाने खरवडून वाचले आणि म्हणाले, ‘ताई, चाक उलटं बसवलंय तुम्ही.’ मी म्हटले, एकाच चाकाला कुठे उलटे-सुलटे असते? असते. उजव्या पायडलला सरळ आटे असतात आणि डाव्याला उलटे, म्हणजे चालवताना दोन्ही आपोआप घट्ट राहतात. दुचाकीत चेन कोणत्या बाजूला आहे त्यावरून चूक होऊच शकत नाही. एकचाकीचे चाक मात्र दोन्हीकडून सारखेच दिसते, आणि मी जानेवारीत बेअरिंग बदलून आणल्यावर ते फिरवून बसवले होते. डाव्या बाजूचे पायडल उजवीकडे आले आणि प्रत्येक मीटरला ते थोडे थोडे सुटत गेले. क्रँकवर आणि पायडलच्या आसाच्या टोकावर ‘एल’ आणि ‘आर’ ही इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. सीटवर बसल्यावर ‘एल’ आपल्या डाव्या पायाखाली आहे ना, हे चाक काढून घातल्यावर दर वेळी पाहावे. मी आता फ्रेमच्या डाव्या पायावर आणि डाव्या क्रँकवर लाल नेलपेंटचा एकेक ठिपका दिला आहे.

आटे गेलेला क्रँक बदलणे भाग होते आणि इथे खरी पंचाईत झाली. साध्या सायकलीचे क्रँक १६५-१७० मिलिमीटरचे, त्यातही उजव्याला दातेरी चक्र जोडलेले. माझे होते १२५ मिलिमीटरचे, आसाच्या मध्यापासून पायडलच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजून. वीस इंची चाकाला लांब क्रँक लावले तर वळताना पायडल जमिनीला टेकते. दोन पेठा पालथ्या घातल्यावर १५ एप्रिलला मी परदेशातून जोडी मागवली. क्रँक २,३५० रुपयांचे आणि त्यांचा पोस्टेज ३,१०० चा! पार्सल २३ तारखेला मुंबईला पोहोचले आणि तिथे थांबले. कुरिअर कंपनीने ओळखपत्र मागितले, ते दिले. मग पावती मागितली, तीही दिली. मग ‘क्रँक आर्म’ हा यंत्राचा भाग आहे का आणि तो विक्रीसाठी आहे का, असा प्रश्न आला. मी एका पानाचे पत्र लिहिले: वस्तू एकचाकी सायकलीची आहे, नग दोन, वैयक्तिक वापरासाठी, पुनर्विक्री करणार नाही, आणि सोबत सायकलचा फोटो जोडला. फोटोनंतर तीन दिवसांत काम झाले. शुल्क २,२९३ आणि कुरिअरचा हाताळणी खर्च ५९० असे भरून पार्सल ९ मे रोजी हातात पडले. मागवतानाच ऑर्डरमध्ये ‘सायकलचा सुटा भाग’ असे स्पष्ट लिहायला सांगितले असते तर त्यातला निदान एक आठवडा वाचला असता असे मला वाटते. पायडलची नवी जोडी ३८० ला इथेच मिळाली. आजवरचा सगळा खर्च १३,०५३ रुपये झाला आहे, आणि त्यातले ८,३३३ एकट्या क्रँकचे आहेत, म्हणजे माझ्या एका चुकीचे.

नव्या क्रँकनी बसवल्या दिवशी एक गोष्ट शिकवली. आसाचे टोक चौकोनी आणि निमुळते असते, त्यावर क्रँक बोल्टने दाबून बसतो, आणि पहिल्या तासाभराच्या चालवण्यात तो आणखी थोडा आत सरकतो. म्हणजे बोल्ट ढिला पडतो. तसाच चालवत राहिलो तर पोलादी आस अॅल्युमिनियमचे चौकोनी भोक गोल करून टाकतो आणि मग कितीही आवळले तरी तो क्रँक पुन्हा घट्ट बसत नाही. म्हणून पहिल्या तासानंतर, मग दुसऱ्या दिवशी, मग दर आठवड्याला पाना लावून पाहायचे. ‘कट्’ असा आवाज आला की त्या क्षणी उतरायचे.

हवेचाही मी पुष्कळ घोळ घातला. गादीसारखे मऊ बरे, म्हणून सुरुवातीला ३० पौंड ठेवत होते. त्यामुळे वळताना टायर जमिनीवर पिळला जाई आणि सायकल आपल्या मनाने भलतीकडे वळे. माझ्या ६२ किलो वजनाला या टायरमध्ये ४५ पौंड बरोबर बसतात. टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून पाच-पाच पौंडांनी बदल करून पाहावा.

मग राहिले ते आधाराशिवाय चढणे. लहानपणी मी हे कसे करत होते ते मला अजिबात आठवेना. सीट पायांत घ्यायची, जवळचे पायडल घड्याळातल्या चार वाजल्याच्या जागेवर, त्यावर पाऊल ठेवायचे पण भार द्यायचा नाही, आणि दुसऱ्या पायाने जमिनीला रेटा देऊन थेट चाकाच्या माथ्यावर यायचे. भार दिला की चाक मागे, नडगीकडे येते. मी रोज पन्नास वेळा मोजून करत असे आणि वहीत आकडा लिहीत असे. ११ मे, शून्य. १४ मे, दोन. १८ मेच्या रविवारी नऊ, आणि त्यातल्या तीन वेळा पुढे दहा मीटर गेले. त्या दिवशी मामांनी खुर्ची आपल्या केबिनमध्ये परत नेली.

पावसाळ्याला अजून तीन आठवडे आहेत असा माझा हिशेब होता. २६ मे रोजीच मान्सून पुण्या-मुंबईत दाखल झाला आणि मागचा रस्ता शेवाळला. ओल्या रस्त्यावर, विशेषतः चेंबरच्या लोखंडी झाकणावर आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर, एकचाकीने जाऊ नये. ते दिवस मी पार्किंगमध्ये कठड्याजवळ एका जागी पुढे-मागे डोलण्यात घालवले. याने तोल सुधारतो, पण त्याचा एक परिणाम टायरवर दिसतो. चाक आणि क्रँक जोडलेले असल्यामुळे डोलताना दर वेळी टायरचा तोच तुकडा जमिनीवर घासतो आणि तिथे टक्कल पडते. जुन्या टायरवर असे टक्कल होते, आणि मी २६ वर्षे त्याला गोदामातली झीज समजत होते. हवा काढून टायर रिमवर पाव फेरा सरकवला की झीज वाटली जाते. भिजलेली सायकल कोरड्या फडक्याने पुसावी, सीटखालच्या बोल्टना तेलाचा थेंब द्यावा, आणि बेअरिंगवर पाण्याची नळी कधीही धरू नये. मी ती आता दाराजवळच्या खुंटीला टांगते, माळ्यावर ठेवत नाही.

आंतरराष्ट्रीय एकचाकी महासंघाच्या कौशल्यांच्या दहा पायऱ्या आहेत आणि त्यांतली पहिली अशी: आधाराशिवाय चढायचे, ५० मीटर जायचे, आणि सायकल समोर ठेवून नीट उतरायचे. मे संपता संपता पावसाने दडी मारली आणि ८ जूनच्या रविवारी रस्ता कोरडा होता. मुलीने टेपने ५० मीटर मोजून खडूची रेघ मारली. पहिल्या दोन वेळा चढताच आले नाही. तिसऱ्या वेळी ३१ मीटरवर उतरावे लागले. पाचव्या वेळी मी रेघ ओलांडली, तीही नजर समोरच्या नारळावर खिळवून, त्यामुळे ओलांडली हे मला तिच्या ओरडण्यावरून कळले. उतरताना सीट हातात राहिली. मामा केबिनमधून म्हणाले, ‘मॅडम, सव्वासात होऊन गेले.’ रविवारी आठपर्यंत परवानगी आहे हे मी त्यांना सांगितले.

घरी येऊन क्रँकचे बोल्ट तपासले. उजवा घट्ट होता. डावा पाव फेरा आणखी बसला.